अकरावा सोऱ्या

१

नागपूरच्या पल्लवी नावाच्या बाईंचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत पोळला होता. दिवाळीची शेव पाडत होत्या. सोऱ्या कढईवर धरला, दांडा फिरवला, आणि तळाचं टोपण आट्यांतून निसटून पिठाच्या गोळ्यासकट कढत तेलात पडलं. सोऱ्यावर नाव कोरलेलं होतं, 'मंगला, भोपाळ'.

तो सोऱ्या आता भोपाळच्या नेहरू नगरात, मंगलाच्या जेवणाच्या टेबलावर होता. शेजारी त्या हाताचा छापलेला फोटो. मंगला फोटोकडे बघत नव्हती.

"आज संध्याकाळी सहापर्यंत लेखी उत्तर द्यायचंय, रत्ना," ती म्हणाली. "चूक कुणाची, ते जाणकार तपासनिसाच्या सहीनिशी. नाहीतर खातं कायमचं बंद. आत्ता नुसतं गोठवलंय."

गोठवलं होतं ते एका मोठ्या ऑनलाइन बाजाराने. तिथे मंगला सोरे विकायची.

मी रत्नप्रभा खानझोडे. पिपलानीच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासणी विभागात होते. माझा स्वभाव संशयी आहे. पगारच त्याचा मिळायचा. मंगला देशकर माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. दत्तू तिथलाच टर्नर, हात असा की लेथवर केस ठेवला तरी दोन फाकी करून देईल. निवृत्त झाल्यावर मंगलाने घरामागच्या शेडमध्ये जुना लेथ बसवला, दत्तूला बोलावलं आणि पितळी सोरे करायला घेतले. आधी ते गोपीनाथच्या भांड्यांच्या दुकानात असायचे. महिन्याला चार खपायचे. मग तिचा भाचा अनिकेत याने ते ऑनलाइन टाकले आणि वर्षभरात सोरे कोइंबतूर ते सिलिगुडी पोचले. शिलाँगच्या एका बाईने आपल्या चकल्यांचा फोटो पाठवला, तो दत्तूने शेडच्या भिंतीला चिकटवला. मी या सगळ्याची थट्टा करायचे. खरं सांगायचं तर हेवा वाटायचा.

आमच्या घरीही हे वेड पोचलं होतं. सकाळी मी निघाले तेव्हा सून श्रुती बेसन चाळत होती. म्हणाली, "आई, मंगलाकाकूंना सांगा, मी त्यांना पाच तारे दिलेत." तारे कुठे देतात, कसे देतात, मला ठाऊक नाही. विचारलंही नाही.

"दत्तूचा हात गेलाय आता," मंगला म्हणत होती. "माझ्याही नजरेतून हा नग सुटला, कबूल. सेलच्या दिवसांत दिवसाला साठ-साठ डबे भरत होते. पण बनवला तर त्यानेच ना? तू आटे तपास आणि तसं लिहून दे."

कागद तयार होता. पेनाचं टोपणही काढून ठेवलं होतं. मला अशी तयारी आवडत नाही.

मी भिंग काढलं. माल दत्तूचाच, नक्कल नव्हे. त्याच्या हत्याराची रेघ मी कुठेही ओळखीन. आटे मात्र ढिले. माझ्या पाच वर्षांच्या नातीनेही नापास केला असता इतके. काठाखाली पास झाल्याच्या खुणेचा ठिपका होता. आमच्या कारखान्याचा नियम, जो बनवतो त्याने तपासायचं नाही. म्हणून ठिपका मारायचा पंच मंगलाकडे, किल्ल्यांच्या जुडग्यात, रात्री उशाखाली. ठिपके दोन होते, शेजारी शेजारी. हातोडी उसळली की कधी कधी दुसरा उमटतो. मी सुई घेतली आणि आट्यांच्या खाचेतून फिरवली.

सुईच्या टोकाला लाल रंगाचा कण आला.

२

बाहेरच्या माणसाला त्या कणाचा काही अर्थ लागणार नाही. आम्हाला लागतो. नापास माल लाल रंगवायचा आणि मग करवतीने कापून टाकायचा, म्हणजे तो चुकूनही बाहेर जात नाही. दत्तू ही रीत इथेही पाळायचा. म्हणजे हा सोऱ्या कुणीतरी एकदा नापास केला होता, आणि कुणीतरी तो थिनरने पुसून, घासून पुन्हा नवा केला होता. याला नजरचूक म्हणत नाहीत.

मी मंगलाला काही सांगितलं नाही. सुई रुमालात गुंडाळली आणि तिने तयार ठेवलेला कागद पिशवीत टाकला.

शेडमध्ये दत्तू लेथ पुसत बसला होता. दोन दिवसांपासून काम बंद, तरी पुसत होता. मी सोऱ्या त्याच्या हातात दिला.

"दत्तू, हा तुझा?"

त्याने अंगठा आट्यांवरून फिरवला. मग सोऱ्या उजेडात तिरपा धरला आणि काठाखाली बघितलं. बराच वेळ बघितलं. त्याचं तोंड असं झालं, जणू कुणीतरी थोबाडीत मारली असावी. सोऱ्या खाली ठेवला, अंगातला ॲप्रन काढून खिळ्याला लावला, हात धुतले आणि सायकल काढली.

"दत्तू, विचारतेय मी."

"मी काय बोलू, ताई," तो म्हणाला आणि गेला.

मंगला मागच्या दारात उभी होती. "बघितलंस? मनात खोट नसती तर पळाला असता का?"

शेडच्या कोपऱ्यात 'नापास' लिहिलेला पत्र्याचा डबा होता. मी झाकण उघडलं. डबा रिकामा होता आणि तळाशी धूळसुद्धा नव्हती. कुणीतरी पुसून ठेवला होता.

३

अनिकेतचं ऑफिस अरेरा कॉलोनीत आहे, पण त्या दिवशी तो मावशीच्या बैठकीत लॅपटॉप घेऊन बसला होता. मला बघताच त्याने लॅपटॉप थोडा वळवला. वळवलेल्या गोष्टी मी आधी बघते.

पडद्यावर त्या बाजाराला द्यायचं उत्तर लिहून तयार होतं. 'दोषी कारागिराला कामावरून कमी केले आहे.'

"अजून तपास व्हायचाय आणि शिक्षा आधीच?" मी म्हणाले. "चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची घाई झालीय का तुला?"

"काकू, टाइमच नाहीये," तो चिडला. "तुम्हाला इधर का सिस्टम माहीत नाही. सेलमध्ये ऑर्डर आली की दोन दिवसांत माल निघालाच पाहिजे. लेट झालं की आपलं पान मागे ढकलतात. पान मागे गेलं की कोणी बघतच नाही. दुकानात गिऱ्हाईक थांबतं, म्हणतं, दत्तूभाऊ बरा नाही का, उद्या येतो. इथे कोण थांबतंय?"

"सेलमध्ये किती ऑर्डर आल्या?"

"शेवटच्या दिवशी साठ. माल एकोणपन्नास होता. मी मावशीला म्हटलं, अकरा कॅन्सल करावे लागतील. ती म्हणाली, रुक जा, बघते. सकाळी साठ डबे तयार."

"कुठून आले, विचारलं नाहीस?"

त्याने खांदे उडवले. "मी लेबल लावतो, काकू. आणि शक घ्यायचाच तर त्या गोपीनाथवर घ्या. आमच्याच पानावर तोपण माल विकतोय, आमच्याहून स्वस्त. तिथे चालतं असं. एकाच पानावर दहा विकणारे. गिऱ्हाईकाला वाटतं सगळा माल मंगलामावशीचा."

गोपीनाथ सोनकुसरेचं दुकान दोन गल्ल्या सोडून. मंगलाने माल उचलून ऑनलाइन नेल्यापासून तो तिच्या दारावरून जाताना मान फिरवायचा. वैर होतं, संधी होती, आणि तोंडही तिखट होतं. मला बघून म्हणाला, "या इन्स्पेक्टरबाई. आलाच का माझा नंबर?"

"तू मंगलाच्या पानावर काय विकतोस?"

"तिचाच माल! माझ्याकडे सात नग पडून होते की, पैसे देऊन घेतलेले. दुकानात कुत्रं फिरकत नाही आजकाल. पोराने सांगितलं, बाबूजी, त्याच पानावर डाल दो. चार विकले गेले. चोरी आहे का ही?"

"उरलेले दाखव."

त्याने तीन डबे धाडकन काउंटरवर ठेवले. मी एकेक टोपण फिरवून बघितलं. आटे घट्ट, दत्तूचे चांगल्या दिवसांतले. लाल रंगाचा मागमूस नाही. काठाखाली ठिपका. पहिल्यावर एक. दुसऱ्यावर एक. तिसऱ्यावरही एकच.

मी पिशवीतला नागपूरचा सोऱ्या काढून त्यांच्या शेजारी ठेवला. त्याचे दोन ठिपके एकाच खोलीचे होते, मध्ये मोजून मापून ठेवावं तसं अंतर. हातोडी उसळून उमटलेला ठिपका नेहमी उथळ असतो.

"काय झालं? चेहरा का उतरला?" गोपीनाथने विचारलं.

"पाणी दे जरा," मी म्हणाले.

४

दत्तू कोटऱ्याला राहतो. दारातच बसला होता, जणू माझीच वाट बघत. मी त्याच्या समोरच्या पायरीवर बसले.

"दत्तू, तू किती नग लाल केलेस?"

"अकरा." लगेच म्हणाला. "सेलच्या आधीच्या हप्त्यात. ताई, झूठ नाही बोलत, हात थरथरतो आता. सकाळी ठीक असतो, दोपहरनंतर आटे ढिले पडतात. मी खुदच गेज लावतो, खुदच लाल करतो. खराब माल माझ्या हातून बाईंच्या टेबलावर एकपण नाही गेला."

"मग कापले का नाहीस?"

तो हातांकडे बघत राहिला. उजवा हात मांडीवर होता आणि बोटं हलत होती.

"करवत नाही चालत ना आता, ताई. शरम वाटली. कोणाला सांगू, की दत्तूला पितळ नाही कापता येत? डब्यात ठेवले, म्हटलं कबाडीवाला आला की देऊ. सेलच्या दुसऱ्या दिवशी बघितलं तर डबा खाली. मला वाटलं, बाईंनी दिले असतील कबाडीला."

"आणि आज सोऱ्या बघितल्यावर?"

त्याने हात मांडीखाली दडवला.

"दोन ठिपके बघितलेस."

"मी नाही बोलणार," दत्तू म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "रिटायर झाल्यावर चार वर्षं घरात बसलो होतो. पोरं म्हणायची, बाबा, बाहेर बसा, पंखा पुसायचाय. बाईंनी बोलावलं. त्यांच्याच नावाने बोट दाखवू का? माझं नाव लिहा, ताई. हात तर माझाच खराब आहे."

मला त्या माणसाचा भयंकर राग आला आणि तितकंच रडूही आलं. तीन वाजत आले होते.

५

मंगलाने चहा ठेवला होता. मी नको म्हणाले.

"तुला एक गोष्ट विचारते," मी म्हणाले. "आपल्या विभागात एक ठिपका म्हणजे पास. दोन म्हणजे काय?"

कपात चहा ओतता ओतता तिचा हात थांबला.

"नापास माल असायचा," मीच बोलत राहिले, "पण वरून तगादा यायचा, गाडी उभी आहे, सोडा. मग साहेबाच्या परवानगीने सोडायचो आणि दोन ठिपके मारायचो. म्हणजे पुढच्याला कळावं, यात उणं आहे, आणि हे आम्हाला ठाऊक होतं. ही खूण या शहरात किती जणांना माहीत असेल? अनिकेतला नाही. गोपीनाथला नाही. दत्तूला आहे, पण पंच तुझ्या उशाखाली असतो. आट्यांत लाल रंग आहे. ठिपके मात्र स्वच्छ आहेत, त्यांत रंग नाही. म्हणजे रंग पुसल्यावर ते मारले. एक मारला असतास तर मी म्हटलं असतं, कुणीतरी पुसलेला नग तुझ्या टेबलावर सरकवला, तू घाईत पास केलास. एकही मारला नसतास तर मी दत्तूलाच धरलं असतं. पण तुझा हात खोटं बोलला नाही, मंगला. सवयीने दोन मारले."

अनिकेत लॅपटॉपवरून मान वर काढून बघत होता. मंगला खाली बसली.

"मी सगळे अकरा पीठ घालून बघितले होते," ती हळूच म्हणाली. "गार पिठाला टिकले. वाटलं, टिकतील. एवढा एक दिवस निभावून गेला की... रत्ना, शिलाँगच्या बाईंनी फोटो पाठवला ना, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, आपण कुणीतरी आहोत. एका रात्रीत ते पान गेलं असतं."

"आणि आता दत्तू जाऊ दे?"

"तो तसाही थकलाय. त्याला मी घरबसल्या पगार देईन, जन्मभर. तू फक्त सही कर. त्याचं काय बिघडणार आहे?"

"बाकीचे दहा कुठे आहेत?"

मी तिच्या तपासणीच्या टेबलाचा खण ओढून नोंदवही काढली. मला माहीत होतं काय सापडेल. दोन ठिपक्यांचा माल नोंदवहीत चढवल्याशिवाय आमच्यापैकी कुणाला झोप लागत नाही. लाल शाईत अकरा आकडे लिहिलेले होते. बारा-बारा अंकी ऑर्डर नंबर, बस. नाव नाही, गाव नाही. पूर्वी गिऱ्हाईक म्हटलं की कुणाची तरी सून, कुणाची तरी विहीण असायची.

"अनिकेत, यांचे पत्ते काढ."

"खातं गोठवलंय, काकू. पत्ते, मेसेज, सगळं बंद. माझ्या यादीत फक्त गाव आणि पिन आहे." तो नंबर जुळवत वाचू लागला. "नागपूर, हा परत आलेला. इंदूर. सुरत. कोइंबतूर. रायपूर. पुन्हा नागपूर. ठाणे..."

"कळवणार कसं त्यांना?"

"ते बाजारवालेच कळवू शकतात. पण त्यासाठी आपल्याला लिहून द्यावं लागेल की हे अकरा नग आपणच जाणूनबुजून... मग खातं संपलंच." तो पुढे वाचत गेला. "अकोला, बडोदा, जबलपूर. आणि अकरावा इथलाच, भोपाळ. पिन पिपलानीचा."

पाच तारे. सकाळी चाळलेलं बेसन.

एकतीस वर्षं दुनियेला प्रश्न विचारत आले आणि घरचा एक प्रश्न विचारला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी श्रुतीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिचे हात पिठात असणार. मुलगा अक्षय ड्युटीवर, त्याचा फोन लॉकरमध्ये.

"गाडी काढ," मी अनिकेतला म्हणाले.

मंगला न विचारता मागे बसली.

६

नेहरू नगर ते पिपलानी म्हणजे शहराचं हे टोक ते ते टोक. मी फोन लावत होते, मंगला पदराचं टोक पिळत होती. क्वार्टरच्या जिन्यातच तापलेल्या तेलाचा वास आला.

ओरडायचं नाही एवढी अक्कल शाबूत होती. श्रुती कढईवर वाकलेली, दोन्ही हातांत भरलेला सोऱ्या, आणि माझी नात पिंकी स्टुलावर उभी राहून शेवेची वाट बघत होती. मी आधी पिंकीला उचललं. मग गॅस बंद केला.

"श्रुती, हात लांब घे. आता तो ओट्यावर ठेव. हळू."

तिने गोंधळून सोऱ्या ओट्यावर टेकवला आणि दांडा सोडून तो नळ्याला धरून उचलायला गेली. नळा तिच्या हातात आला. टोपण आणि पिठाचा गोळा ओट्यावरच राहिला.

कढईतलं तेल अजून कढत होतं.

"पण मी बघून घेतला होता, आई," श्रुती म्हणाली. "तुम्ही नेहमी सांगता ना, ठिपका असल्याशिवाय वापरायचा नाही. मुद्दाम ऑनलाइन मागवला, काकूंना तारे मिळावेत म्हणून. डबा आज उघडला. ठिपका बघितला. एक नाही, चक्क दोन होते. मला वाटलं, आपल्यासाठी काकूंनी दोनदा तपासलाय."

मंगला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही, बघवलं नसतं. तिने पिंकीचं स्टूल ओढलं आणि त्यावर बसली. मग हात पुढे केला.

"कागद दे," ती म्हणाली.

मी तिनेच तयार केलेला कागद पिशवीतून काढून दिला. तिने त्यावर आडवी रेघ मारली आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. अक्षर तेच, नोंदवहीतलं.

'बनवणारा निर्दोष. त्याने स्वतः नापास केलेले अकरा नग मी, तपासणारीने, दोष माहीत असून सोडले. दोन परत मिळाले. उरलेल्या नऊ घरांना आजच्या आज कळवावे. सोबत ऑर्डर नंबर.'

सही केली. मग किल्ल्यांच्या जुडग्यातून पंच सोडवला आणि माझ्यासमोर ओट्यावर ठेवला. मी त्या कागदावर तपासनीस म्हणून सही केली. अनिकेतने सहाला दहा मिनिटं कमी असताना तो पाठवला. पाठवताना तोही रडत होता, पण त्याने एक शब्द बदलला नाही.

दुसऱ्या दिवशी मंगला कोटऱ्याला गेली आणि तो कागद तिने दत्तूला वाचून दाखवला. दत्तू काय म्हणाला ते तिने मला सांगितलं नाही, आणि त्यानेही नाही.

पल्लवीबाईंना तिने स्वतः पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलेलं नाही. पान तिसऱ्या दिवशी गेलं. चार वर्षांचे तारे, शिलाँगच्या चकल्या, सगळं एका ओळीच्या निरोपाने पुसलं गेलं. गोपीनाथने दुकानात पुढच्या फळीवर जागा करून ठेवली आहे, पण मंगला अजून तिकडे गेलेली नाही.

आठ घरांतून निरोप आला, सोऱ्या वापरणं थांबवलंय म्हणून. नववं घर सुरतेचं. तिथून काहीच नाही. अनिकेत रोज त्या बाजारवाल्यांना लिहितो, आणि मी रोज संध्याकाळी त्याला फोन करून विचारते, सुरतेहून काही आलं का.